तिवराचे बीज थांबत नाही

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील कोपरखैरणे येथे वसाहत आणि पाणी यांच्यामध्ये तिवरांचा हिरवा पट्टा उभा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यास बारीक, केशरी-पिवळी फुले येतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ती नजरेत भरत नाहीत; मधमाश्यांच्या मात्र भरतात.

परागणानंतर बहुतेक वृक्षांत घडणारा क्रम परिचित आहे. पाकळ्या गळतात, बीजांडाचे बी होते, अंडाशयाचे फळ होते आणि बीजातील गर्भ आवरणाआड निद्रिस्त राहून अनुकूल काळाची वाट पाहतो. तिवराचे तसे नाही. त्याच्या अंडाशयात चार बीजांडे असली, तरी सहसा एकच वाढीस लागते. त्यातील गर्भ विश्रांती न घेता वाढतच राहतो आणि फळाच्या सालीआड, जाड दुमडलेल्या बीजदलांसह, रोपाचे रूप धारण करतो. फळ गळते तेव्हा झाडावरून नुसते बी नव्हे, तर रोपच खाली येते. कांदळ त्याहूनही पुढे जातो. त्याचा अंकुर फळ भेदून बाहेर पडतो आणि लांब शेंगेसारखा फांदीलाच लोंबत राहतो.

या घाईचे कारण उघड आहे. खाऱ्या, प्राणवायूस पारख्या आणि भरतीखाली जाणाऱ्या चिखलात कोवळ्या अंकुराचा निभाव लागणे कठीण; म्हणून तो नाजूक काळ मातृवृक्षाच्या अंगावरच काढला जातो. परंतु या सोयीची किंमतही मोजावी लागते. जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारा बियांचा साठा तिवरांपाशी नसतो. भरतीवर तरंगत निघालेल्या रोपास वेळेत चिखल लाभला नाही, तर ते नष्ट होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने तिला बळकटी दिली. २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळ ठरली. तथापि, उभ्या झाडांना अभय देणे पुरेसे नाही. काठावर राडारोड्याचा भराव पडला किंवा एखादी मोरी बुजली, तर कुऱ्हाड न चालवताही पुढील पिढीची वाट बंद होते. जुनी झाडे हिरवी दिसतात आणि त्यांच्या तळाशी एकही रोप नसते. तेव्हा तिवरांचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी झाडांबरोबरच भरतीच्या पाण्याची ये-जाही राखली पाहिजे.