पडद्यावरचे उत्तर आणि वहीतली रीत

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज विज्ञान व अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. तेथे भौतिकशास्त्राचा गृहपाठ पुष्कळदा वहीत लिहून गुरुजींच्या टेबलावर ठेवायचा नसतो. तो संगणकावर किंवा मोबाइलवर ऑनलाइन सादर करावयाचा असतो. घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढणाऱ्या मुलामुलींना या कामी विचारायला कोणी नसते. म्हणून या गृहपाठाचे थोडे विवेचन येथे करीत आहोत.

ही पद्धत तशी नवी नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात १९९२ साली भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी ‘कापा’ नावाची संगणकीय प्रणाली वापरात आली. तिची मूळ कल्पना अशी की, प्रश्न सर्वांना एकच, परंतु आकडे प्रत्येकाला निराळे. समजा, एका विद्यार्थ्याला प्रश्न आला : ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक लावला, ऋण त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तर ती किती अंतरावर थांबेल? शेजारच्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न ताशी ५४ किलोमीटर वेगाचा येतो. पहिल्याचे उत्तर ५० मीटर, दुसऱ्याचे सुमारे २८ मीटर. मित्राचे उत्तर उतरवून काहीच साधत नाही. रीत मात्र दोघांची एकच : वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागावे. म्हणूनच आधी अक्षरांत सूत्र मांडावे आणि आकडे शेवटी घालावेत.

येथे एककांकडे लक्ष हवे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. हे रूपांतर न करता ७२ चाच वर्ग केला, तर उत्तर ६४८ येते. ब्रेक लावल्यावर मोटार अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर जाईल काय, एवढा प्रश्न मनाला विचारला तरी चूक उघडी पडते. तसेच ३० अंशांची ज्या ०.५ असते, पण गणकयंत्र रेडियनवर राहिले असेल, तर ते उणे ०.९८८ दाखवते. मधल्या पायरीवर आकडे फार छाटले, तरीही शेवटचे उत्तर ढळते. संगणक केवळ ‘चूक’ एवढेच म्हणतो. चूक कोठे झाली, हे वहीतील पायऱ्याच सांगतात.

आपल्याकडे एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला असा गृहपाठ असतो. अंतिम गुणांत त्याचा वाटा २५ टक्के, तर केंद्रावर बसून द्यावयाच्या परीक्षेचा ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ गृहपाठांचे गुण धरले जातात. तेथे सर्वांना प्रश्न सारखेच असल्यामुळे तयार उत्तरे हातोहात फिरतात, आणि मोह होतो तो तेथेच.

या मोहाची किंमत काय, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील डेव्हिड प्रिचर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. प्रश्न वाचून सोडवायलाही पुरणार नाही इतक्या थोड्या वेळात आलेली बरोबर उत्तरे त्यांनी तपासली. मुदत जवळ येईल तशी नक्कल वाढत होती. आणि जे वारंवार नक्कल करीत, ते सूत्रे मांडून सोडवायच्या परीक्षेतील प्रश्नांत इतरांच्या बरेच मागे पडत.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच : प्रश्न आला त्याच दिवशी वाचावा. आकृती, दिलेल्या राशी आणि सूत्र वहीत लिहावे. अडले तर मित्राला ‘उत्तर काय?’ असे न विचारता ‘सुरुवात कोठून केलीस?’ असे विचारावे. उत्तर चुकल्यास लगेच दुसरा आकडा भरू नये. आधी आपली पायरी शोधावी. मुदत संपल्यावर बरोबर उत्तरे जाहीर होतात, तेव्हा तीच वही पुन्हा उघडावी.

पालकांना भौतिकशास्त्र येत नसले, तरी एक गोष्ट सहज करता येईल. मूल मोबाइलवर अभ्यास करीत असेल, तर शेजारी वही उघडी आहे का आणि तिच्यात खाडाखोड आहे का, एवढे पाहावे. वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासाच्या तासाला आम्ही हेच पाहत आलो आहोत. परीक्षेच्या दालनात मित्राचा मोबाइल नसतो. तेथे सोबतीला येते ती त्या खाडाखोडीतून पक्की झालेली रीतच.