रीळ बिघडतं ते कपाटात

गळाच्या मासेमारीचा नाद असलेल्या माणसाला नवखे लोक हमखास एक प्रश्न विचारतात : 'रीळ कुठलं घेऊ?' घेतल्यावर ते सांभाळायचं कसं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज मी दोन्हींबद्दल बोलणार आहे. पण भर दुसऱ्या प्रश्नावर राहील. कारण आपल्या वसईच्या हवेत रीळ किती टिकणार, हे त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या निगेवर ठरतं.

वसई-विरारची खरी मासेमारी पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथल्या कोळीबांधवांच्या हातात आहे. त्यांच्याकडं जाळं आहे, होडी आहे आणि पिढ्यांचा अनुभव आहे. आम्ही हौशी माणसं. कुणी खडकावर, कुणी जेटीवर काठी घेऊन उभं राहतो, तर काही जण कयाक घेऊन पाण्यात उतरतो. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची, एका माणसापुरती, अरुंद आणि हलकी होडी. तिला इंजिन नसतं. दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी आणि उत्तरेला अर्नाळा किल्ल्याजवळ वैतरणेचं मुख, अशी दोन पाणी आपल्याला लाभली आहेत. जिताडा, रावस, तांबोशी, शिंगाळा ही इथली गळाला लागणारी मंडळी.

खडकावर चालणारं रीळ कयाकवर चालेलच असं नाही. याची कारणं दोन. पहिलं असं की, कयाकमध्ये आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसलेलो असतो. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला खारं पाणी रिळावर उडतं आणि एखादी लाट आली की ते भिजतंच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. खडकावर माणसाचे पाय रोवलेले असतात, कयाक मात्र तरंगत असते. मोठा मासा लागला की तो दोरीबरोबर होडीलाही ओढतो. ओढ समोरून असेल तर होडी सरळ पुढं जाते. आडवी असेल तर कलंडू शकते. त्यात ओहोटी लागलेली असेल, तर खाडीचं पाणीही समुद्राकडंच धावत असतं. अशा वेळी रिळाचा ब्रेक अडकला तर प्रश्न मासा जाण्याचा राहत नाही, माणसाचा होतो.

या ब्रेकला 'ड्रॅग' म्हणतात. रिळाच्या फिरकीत चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि वरचा स्क्रू आवळला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. माशानं ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की चकत्या घसरतात आणि दोरी सुटू लागते. हातात दोर धरून मासेमारी करणारा कोळी हेच काम तळहातानं करतो. मासा ओढतो तेव्हा देतो, थकतो तेव्हा घेतो. ड्रॅग किती आवळायचा, याचा ढोबळ नियम असा, की दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश. २० पौंडांची दोरी म्हणजे सुमारे ९ किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो. कयाकवर मी दोन किलोच ठेवतो, कारण होडी ओढण्यातही माशाची शक्ती खर्च होतेच. हे मोजायला यंत्र लागत नाही. दोन लिटरची बाटली पाण्यानं भरायची, दोरीला बांधायची आणि काठीनं उचलायची. बाटली जेमतेम उचलली जाऊन दोरी हळूहळू सुटू लागली, की ड्रॅग बरोबर लागला.

आता निवडीकडं वळू. नवख्यानं 'स्पिनिंग' पद्धतीचं रीळ घ्यावं. यात फिरकी स्थिर असते आणि दोरी तिच्यावर गुंडाळणारा भाग भोवती फिरतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचं पेटंट १९०५मध्ये घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं सुटतं, ते ज्यानं पाहिलं आहे, त्याला या रिळाचं तत्त्व लगेच कळेल. दोरी फेकताना फिरकी फिरत नाही, त्यामुळं गुंता कमी होतो.

आकारासाठी रिळावर २५००, ४०००, ६००० असे आकडे असतात. खाडीतल्या कयाकला ४०००च्या आसपासचं रीळ पुरतं. त्याहून मोठं घेतलं, तर बसल्या बसल्या मनगट दुखतं. दुसरा आकडा ५.२ : १ असा असतो. म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. दोरीच्या वेटोळ्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे ८२ सेंटिमीटर दोरी आत येते. आपल्या कामाला हा वेग ठीक आहे.

खोक्यावर बेअरिंगची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. तिला भुलू नका. प्रत्येक बेअरिंग म्हणजे गंजू शकणारा आणखी एक पोलादी भाग. चांगली चार-पाच असली तरी पुरे. त्यापेक्षा ड्रॅग न अडखळता सुटतो का, ते दुकानातच हातानं ओढून पाहा. पाणी आत जाऊ नये म्हणून सील लावलेली महाग रिळंही मिळतात. ती कयाकला उपयोगी खरी. पण सील झिजतं, आणि असं रीळ घरी उघडणं अवघड असतं. म्हणून दुकानदाराला विचारावं : हे साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतं का? सुटे भाग मिळतात का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील, तर ते साधं रीळ आपल्या कामाचं.

आता निगा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, मीठ मागं राहतं. अनेकांना वाटतं, रीळ वाळलं म्हणजे धोका टळला. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुन्हा त्याचं खारं पाणी होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाझर फुटतो, तोच हा प्रकार. म्हणजे मे महिन्यात कपाटात ठेवलेलं रीळ जुलैमध्ये आतल्या आत पुन्हा खाऱ्या पाण्यात भिजत असतं. न गंजणारं म्हणून विकलं जाणारं पोलादही या क्षारांपुढं पूर्ण सुरक्षित नसतं. त्यात रिळामध्ये ॲल्युमिनियम, पितळ, पोलाद असे वेगवेगळे धातू शेजारी शेजारी असतात. मधे खारं पाणी आलं की त्यांची छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यातला ॲल्युमिनियमसारखा दुबळा धातू झिजू लागतो. पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच.

उपाय सोपा आहे, फक्त तो त्याच दिवशी करायला हवा. घरी आल्यावर आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाही. मग गोड्या पाण्याची बारीक धार रिळावर सोडा. नळाला पाइप लावून जोरात फवारा मारू नका. त्यानं बाहेरचं मीठ धुऊन निघण्याऐवजी आत ढकललं जातं. बादलीत बुडवूनही ठेवू नका. मऊ कापडानं पुसा, झटका आणि सावलीत वाळू द्या. फिरकीवरच्या दोरीत खारं पाणी मुरलेलं असतं, म्हणून फिरकी काढून वेगळी धुवा. शेवटी ड्रॅग सैल करा. आवळलेला ठेवला तर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या खेपेला दोरी झटक्यानं सुटते.

सगळ्यात आधी अडकतो तो दोरी जिच्यावरून आत येते तो छोटा रोलर, कारण दोरीबरोबर आलेलं सगळं खारं पाणी आधी त्याच्यावरून जातं. दर खेपेनंतर त्याला आणि मुठीच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्या. शिवणयंत्राचं हलकं तेल चालतं. खोबरेल नको; ते थंडीत थिजतं आणि काही दिवसांनी चिकट होतं. गंज सोडवणारे फवारे वंगण म्हणून वापरू नका, ते आतलं ग्रीस धुऊन काढतात. दातेरी चक्रांना मात्र तेल पुरत नाही, त्यांना ग्रीसच लागतं.

मे अखेर, दर्या खवळण्याआधी, आम्ही कयाक आवरतो. रीळ उघडायची वेळ तीच. प्रत्येक भाग काढताना क्रमानं कागदावर मांडा, जुनं ग्रीस पुसून काढा, नवं पातळ थरानं लावा. असं रीळ नारळी पौर्णिमेनंतर हातात घ्याल, तर त्याची मूठ मऊच फिरेल.

पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर उभं राहून हातानं दोनेक मीटर दोरी ओढून पाहा. ती एकसारखी सुटली तर निघा. अडखळली, तर त्या दिवशी ते रीळ घेऊन खाडीत जाऊ नका. अंगात लाइफ जॅकेट आणि हाताशी दोरी कापायची सुरी, या दोन गोष्टी मात्र रीळ कितीही चांगलं असलं तरी लागतातच. मासा पुन्हा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)