कृष्ण ऊर्जा हाती का लागत नाही?

तांदळाचा अर्धा दाणा

विश्वाचा सुमारे ७० टक्के ऐवज कृष्ण ऊर्जेचा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या ऊर्जेचा. मग ती प्रयोगशाळेत का सापडत नाही? नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून निघालेल्या कुणालाही हे विचारावंसं वाटेल. कारण सोपं आहे: ती कमालीची विरळ आहे. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मावणारी कृष्ण ऊर्जा वजनात मांडली तर भरते जेमतेम ६-७ मिलिग्रॅम, तांदळाच्या अर्ध्या दाण्याहून कमी. पण ती सगळीकडे सारखी पसरलेली, म्हणून बेरीज अफाट होते.

तरी खटाटोप झाले. कृष्ण ऊर्जेमागे एखादं नवं बल असेल, तर ते अणूंवर जाणवायला हवं. २०१५ साली अमेरिकेत बर्कलीला निर्वात पात्रात सीझियमचे अणू सोडून, शेजारचा छोटा गोळा त्यांना गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा जास्त ओढतो का, हे तपासलं. जादा ओढ काही दिसली नाही. काही कल्पना बाद झाल्या, इतकंच.

नारळीकरांची शंका

म्हणजे उरतं आकाश. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट पावणारे तारे, अपेक्षेपेक्षा मंद दिसले. म्हणजे ते जास्त लांब, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. पण मंद म्हणजे लांबच, हे कशावरून? पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. वाटेतली धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळ प्रकाश गिळत असेल तर? बहुतेकांना हे पटलं नाही, आणि पुढचे पुरावेही कृष्ण ऊर्जेच्याच बाजूने गेले. प्रश्न मात्र रास्त होता.

औंढ्याचा उपयोग

गुरुत्वीय लहरींना धूळ अडवत नाही, आणि लहरीचा आकार आणि जोर यांवरूनच अंतर निघतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, पाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर एवढाच फरक! लहर आणि प्रकाश यांचा वेग वेगळा मानणारे, कृष्ण ऊर्जेला पर्याय म्हणून मांडलेले गुरुत्वाकर्षणाचे कित्येक सिद्धांत त्या दिवशी निकालात निघाले.

प्रसरण मोजायला अंतराच्या जोडीला दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेगही हवा, आणि तो तिच्या प्रकाशावरून कळतो. म्हणून टक्कर आकाशात कुठे झाली हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी दूरदूरचे शोधक लागतात. विदर्भाला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणारा लायगो-इंडिया हा शोधक त्यासाठीच मोलाचा. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, खर्च सुमारे २,६०० कोटी, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मधली.

अडचण उरतेच. १३ कोटी प्रकाशवर्षं म्हणजे शेजारच; तिथून फक्त प्रसरणाचा आजचा वेग कळतो. कृष्ण ऊर्जेसाठी शेकडो कोटी प्रकाशवर्षं मागे जावं लागतं. तिथल्या कृष्णविवरांच्या टकरी ऐकू येतात, पण त्यांच्यासोबत सहसा प्रकाश येत नाही. मग दीर्घिका कोणती, हे अंदाजानेच ठरवायचं.

कमी होतेय का?

अ‍ॅरिझोनातल्या दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी प्रकल्पाने २०२५ मध्ये कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असे संकेत दिले. ते निर्णायक नाहीत. सोबत सुपरनोव्हांचा कोणता संच घेतला, यावर त्यांचा जोर कमीजास्त होतो.