मनात घालमेल होती म्हणून तो व्हिलन नाही का?

रील्स स्क्रोल करताना हे रील तुमच्याही समोर कधीतरी आलं असेल. काळे कपडे, डोळ्यांत पाणी, मागे स्लो केलेलं उदास गाणं आणि स्क्रीनवर ‘स्टार वॉर्स’मधला कायलो रेन. खाली कमेंट्समध्ये भांडण जुंपलेलं असतं. एक जण म्हणतो, त्याला कोणी समजूनच घेतलं नाही. दुसरा म्हणतो, भावा, त्याने स्वतःच्या बापाला मारलंय. मग तिसरा येतो आणि म्हणतो, हा कसला व्हिलन, हा तर रडका पोरगा. व्हिलन म्हणजे डार्थ व्हेडर!

गंमत बाजूला ठेवली तर या भांडणात एक चांगला प्रश्न आहे. ज्याच्या मनात चांगलं आणि वाईट यांची ओढाताण चालू आहे, तो खरा व्हिलन असू शकतो का? की ओढाताण आहे म्हणजे तो अर्धाच व्हिलन?

हे ‘स्टार वॉर्स’वरूनच बघू. (पुढे स्पॉयलर आहेत, पाहिले नसतील तर आधीच सांगून ठेवतो.)

आधी थोडक्यात नातीगोती

स्कायवॉकर घराण्याची ही गोष्ट १९७७ ते २०१९ या काळात नऊ सिनेमांत सांगितली गेली. पहिल्या सिनेमात डार्थ व्हेडर येतो तो सरळसरळ दुष्ट माणूस म्हणून. काळा मुखवटा, जड श्वास आणि मनात कसलीही शंका नाही. १९८० च्या सिनेमात कळतं की तो नायक ल्यूकचा बाप आहे. १९८३ मध्ये कळतं की त्याच्या मनात अजून काहीतरी शिल्लक आहे. तो असा का झाला, हे १९९९, २००२ आणि २००५ च्या तीन सिनेमांनी दाखवलं. तेव्हा तो अनाकिन स्कायवॉकर होता.

कायलो रेन हा याच व्हेडरचा नातू. खरं नाव बेन सोलो. आई लेया, वडील हान सोलो, मामा ल्यूक. २०१५, २०१७ आणि २०१९ च्या सिनेमांत तो दिसतो. आजोबांचा वितळलेला मुखवटा समोर ठेवून तो त्याच्याशी बोलतो. आणि तक्रार काय करतो? तर चांगुलपणा अजून आपल्याला ओढतोय! म्हणजे इतरांना मोह वाईटाचा होतो, याला चांगल्याचा होतोय.

मराठीत आपण अशा माणसाला खलनायक म्हणतो. या शब्दात ‘खल’ आहे तसा ‘नायक’ही आहे. घालमेल असलेल्या व्हिलनची सगळी गंमत त्यातच आहे. आपल्याला त्याच्यात नायक दिसतो, म्हणून आपण त्याची बाजू घ्यायला लागतो. पण बाजू घेण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा.

पहिला प्रश्न : दार उघडं होतं का?

ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, तो बळी. रस्ता होता, दिसत होता आणि तरीही त्याने दुसरीकडे पाऊल टाकलं, तर तो व्हिलन.

२००५ च्या सिनेमातला अनाकिन घ्या. बायको पाद्मे गरोदर आहे आणि ती बाळंतपणात मरते अशी स्वप्नं त्याला पडतायत. ही भीती खोटी नाही. आधी आईबद्दल अशीच स्वप्नं पडली होती आणि ती खरी ठरली होती. राज्यकर्ता पाल्पटिन त्याला सांगतो, माणसाला मरणापासून वाचवणारी विद्या आहे, पण त्यासाठी माझ्या बाजूला ये.

इथपर्यंत कोणालाही त्याची दया येईल. पण पुढे काय होतं ते नीट बघा. पाल्पटिन हाच छुपा शत्रू आहे हे कळल्यावर अनाकिन स्वतः जाऊन ते आपल्या वरिष्ठाला, मेस विंडूला सांगतो. म्हणजे बरोबर काय हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते केलंही होतं! विंडू त्याला एका खोलीत थांबायला सांगतो. त्याला फक्त तिथे बसून राहायचं होतं. तो बसतो, खिडकीबाहेर बघतो, डोळ्यांत पाणी येतं आणि मग तो उठतो.

त्यानंतरचं सगळं फार झपाट्याने घडतं. तो विंडूचा हात तोडतो, पाल्पटिन विंडूला संपवतो. आपण हे काय करून बसलो, असा धक्का अनाकिनला बसतो, पण पुढच्याच क्षणी तो पाल्पटिनपुढे गुडघे टेकतो. त्याच रात्री तो जेडायच्या मंदिरात जातो आणि तिथे शिकणाऱ्या लहान मुलांना मारतो.

पाल्पटिनने त्याला फसवलं हे खरं. पण त्या खोलीतून उठताना त्याला कोणी हाताला धरून नेलं नव्हतं. घालमेल होती याचाच अर्थ दोन्ही रस्ते त्याला दिसत होते. म्हणजे जी गोष्ट आपण त्याच्या बचावासाठी सांगतो, तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

दुसरा प्रश्न : त्याच्या घालमेलीची किंमत कोणी मोजली?

आता नातवाकडे येऊ. २०१५ च्या सिनेमात एका अरुंद पुलावर बाप-लेक समोरासमोर येतात. हान त्याला घरी चल म्हणतो. कायलो कबूल करतो की आपण आतून फाटत चाललोय, या वेदनेतून सुटायचंय, काय करायचं ते माहीत आहे पण तेवढी ताकद आहे की नाही ते माहीत नाही. मदत करशील का, असं तो बापाला विचारतो. हान म्हणतो, काहीही करेन. आणि कायलो त्याच्या आरपार तलवार घालतो.

हा प्रसंग बघताना अंगावर काटा येतो, कारण कायलो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच त्रास होत होता. फक्त त्या त्रासावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे दुसऱ्याचा जीव. दुखणं त्याचं, औषधाचे पैसे मात्र बापाने भरले. वर औषध लागूही पडलं नाही. पुढच्या सिनेमात त्याचा गुरू स्नोक त्याला हेच टोचून बोलतो, की बापाला मारून तू आणखीच दुभंगलास.

‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मधला थॅनोस आठवतोय? आपल्या मानलेल्या मुलीला, गमोराला, कड्यावरून ढकलताना तो रडतो. त्या सिनेमाच्या नियमाप्रमाणे त्याचं प्रेम खरंच असणार, नाहीतर त्याला हवा तो दगड मिळालाच नसता. पण अश्रू त्याचे आणि जीव तिचा. आपण ‘किती मोठा त्याग केला त्याने’ असं म्हणून जातो आणि त्याग कोणाचा झाला हे विसरतो.

कॅमेराही यात आपल्याला गंडवतो. ज्याचा चेहरा जवळून दिसतो, त्याचं दुःख आपल्याला मोठं वाटतं. २०१५ च्या सिनेमाच्या सुरुवातीलाच कायलो एका गावातल्या लोकांना मारून टाकायचा हुकूम देतो. त्या गावकऱ्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्यावर कोणी रील बनवत नाही.

तिसरा प्रश्न : खापर फोडायला वर कोणी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि लेखक मंडळी सगळ्यात जास्त इथेच कच खातात.

घालमेल असलेल्या व्हिलनच्या डोक्यावर सहसा एक मोठा व्हिलन बसवलेला असतो. व्हेडरच्या वर सम्राट पाल्पटिन, कायलोच्या वर स्नोक. याने लेखकाची सोय होते. शेवटी सगळं खापर वरच्याच्या डोक्यावर फोडता येतं आणि खालच्याला सोडवता येतं.

म्हणूनच २०१७ चा ‘द लास्ट जेडाय’ वेगळा आहे. हा सिनेमा आधी कायलोवर झालेला अन्याय दाखवतो. झोपेतून जाग आली तेव्हा त्याला दिसलं की सख्खा मामा, त्याचा गुरू, हातात तलवार घेऊन उभा आहे. ल्यूकला क्षणभर भीती वाटली होती आणि लगेच लाजही वाटली, पण तोवर उशीर झाला होता. म्हणजे कायलोच्या मनातली जखम खरी आहे. आईच्या जहाजावर नेम धरूनही त्याच्याच्याने बटण दाबवत नाही, हेही सिनेमा दाखवतो.

मग तो स्नोकला मारतो. नायिका रे आणि तो पाठीला पाठ लावून लढतात आणि जिंकतात. आता वर कोणीच उरलेलं नाही. खिडकीतून दिसतंय की रेच्या साथीदारांच्या पळणाऱ्या जहाजांवर तोफा चालू आहेत. त्याच्या एका हुकुमाने त्या थांबल्या असत्या. रे त्याला तेच सांगते.

तो हुकूम देत नाही. उलट जुनं सगळं मरू दे, आपण दोघं मिळून राज्य करू, असं म्हणत हात पुढे करतो. थोड्या वेळाने तो सर्वोच्च नेता होतो.

माझ्या मते, रेकडे हात पुढे करतो त्या क्षणी कायलो खरा व्हिलन होतो, बापाला मारताना नाही. तेव्हा निदान स्नोक होता. इथे गुरू नाही, धमकी नाही, फसवणूक नाही, आणि समोर दार सताड उघडं आहे. तरीही त्याला गादी हवी आहे.

‘द गॉडफादर’चा दुसरा भाग (१९७४) याच कारणासाठी इतका झोंबतो. मायकल कॉर्लिओनेच्या वर कोणी बॉस नाही. मोठा भाऊ फ्रेडोने दगा दिलाय, पण आई जिवंत असेपर्यंत मायकल थांबतो. आईच्या अंत्यविधीला तो भावाला मिठी मारतो आणि त्याच वेळी त्याची नजर आपल्या मारेकऱ्याकडे जाते. नंतर तलावात, होडीत, फ्रेडोला संपवलं जातं. सिनेमा मायकलला एकट्याला बसवून संपतो. कोणावर ढकलायची सोयच ठेवलेली नाही.

‘स्टार वॉर्स’ने मात्र २०१९ मध्ये माघार घेतली. ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये मेलेला पाल्पटिन परत आला आणि सुरुवातीलाच त्याने कायलोला सांगून टाकलं की तुझ्या डोक्यातले सगळे आवाज माझेच होते, स्नोकही मीच बनवला. म्हणजे दोन सिनेमे ज्याने स्वतःचे निर्णय स्वतः घेतले, त्याला एका संवादात बाहुलं करून टाकलं. असं केल्याने कायलोची सुटका सोपी झाली, पण तो लहानही झाला. ज्याने पाप स्वतः केलंच नाही, त्याच्या पश्चात्तापाला वजन कुठून येणार?

मग परत फिरताच येत नाही का?

येतं की. १९८३ च्या सिनेमात सम्राट ल्यूकला विजेच्या झटक्यांनी मारत असतो. व्हेडर बाजूला उभा राहून बघतो. मग तो सम्राटाला उचलून खोल खड्ड्यात फेकून देतो आणि त्यात स्वतःचा जीव गमावतो.

हे आपल्याला पटतं, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे उलटं होतं. इतकी वर्षं त्याच्या निर्णयांची किंमत दुसरे मोजत होते. पहिल्यांदाच ती त्याने स्वतः मोजली. शेवटच्या सिनेमात कायलोही रेला वाचवताना जीव देतो, तेव्हा तो त्याच वाटेवर येतो.

पण त्याने हिशोब पुसला जात नाही. मंदिरातली मुलं परत येत नाहीत. १९७७ च्या सिनेमात व्हेडरने जिचा छळ केला, ती लेया त्याचीच मुलगी होती, आणि तिने त्याला माफ केल्याचा प्रसंग त्या सिनेमांत कुठेच नाही. मरताना चांगलं काम करणं आणि आयुष्यभर वाईट न करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे फक्त सिनेमापुरतं नाही

‘मनाने वाईट नाहीये रे तो’ हे वाक्य आपण सिनेमाबाहेरही ऐकतो. बायकोवर हात उचलून नंतर रडणाऱ्याबद्दल ऐकतो. घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्याबद्दल ऐकतो, की त्याचंही बालपण फार वाईट गेलं हो. बऱ्याचदा ते खरंही असतं. त्याची घालमेल खरी असते, जखमही खरी असते.

अनाकिनची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. ज्या पाद्मेला वाचवायला त्याने हे सगळं केलं, तिचाच गळा त्याने शेवटी आवळला. तिचा शेवट झाला तोवर तिचा विश्वास होता की त्याच्यात अजून चांगुलपणा आहे. ते बरोबरही निघालं, पण त्याला वीसेक वर्षं लागली. त्याचा उपयोग तिला झाला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ते उदास गाण्याचं रील आलं तर जरूर बघा, ॲडम ड्रायव्हरने काम झकासच केलंय. लाइकही करा. फक्त त्याच्या डोळ्यातलं पाणी बघून झालं की फ्रेममध्ये नसलेल्या माणसांचाही एकदा विचार करा.