ग्लुटामाइनची पावडर आणि धावणाऱ्याची प्रतिकारशक्ती

लांब धावण्याने प्रतिकारशक्ती खचते आणि अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्या घटकांपासून घडतात त्यांची, पावडर घेतल्यास ती भरून निघते, हा समज पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांत रूढ आहे. त्याचे मूळ ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांच्या संशोधनात सापडते. ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे इंधन असून मॅरेथॉननंतर रक्तातील त्याचे प्रमाण घटते, असे त्यात दिसले. १९९६ साली त्यांच्या गटाने नोंदवले की शर्यतीनंतर ग्लुटामाइन घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के, तर औषधहीन पेय घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के आठवडाभर संसर्गमुक्त राहिले. मात्र ही माहिती धावपटूंनी स्वतः प्रश्नावलीत भरलेली होती. पुढे कोपनहेगनमधील प्रयोगांत ग्लुटामाइन देऊन रक्तातील पातळी टिकवली गेली, तरी व्यायामानंतर होणारी लिम्फोसाइटची घट थांबली नाही, आणि तिथेच या पावडरीचा मुख्य दावा कोसळतो.

मुळात ती घट म्हणजे पेशींचा नाश नव्हे. बाथ विद्यापीठातील कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८ मध्ये मांडल्याप्रमाणे, या पेशी फुप्फुसे, आतडे अशा ठिकाणी पहाऱ्यासाठी जातात आणि काही तासांत रक्तातील संख्या पूर्ववत होते. शिवाय हे अभ्यास मॅरेथॉनसारख्या दीर्घ, दमवणाऱ्या व्यायामाचे होते. पोलीस भरतीतील १६०० मीटरच्या धावण्याला ते लागू करणे चुकीचे आहे.

अमिनो आम्ल नैसर्गिक, म्हणून निर्धोक, हा दुसरा समज भंडारा जिल्ह्याने तरी बाळगू नये. येथील भाताच्या बांध्यांत पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीत ओडॅप नावाचे अमिनो आम्लच असते, आणि दुष्काळात महिनोन्महिने केवळ तिच्यावर गुजराण करणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडल्याची, म्हणजे लॅथिरिझमची, उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. ग्लुटामाइन असे विषारी नाही; परंतु पदार्थाचा प्रकार आणि मात्रा यांवर परिणाम ठरतो, त्याच्या नैसर्गिक असण्यावर नव्हे.

ग्लुटामाइन शरीर स्वतःच, मुख्यतः स्नायूंत, तयार करते, तर तांदळात कमी असलेले लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तूर, मूग किंवा हरभऱ्याच्या डाळीतून मिळते. म्हणून वरण-भाताची जोडी पोषणदृष्ट्या पक्की आहे. तेव्हा पावडरीचे पैसे डाळ, अंडी आणि दुधावर खर्च करावेत, झोप पुरेशी घ्यावी आणि अंगात ताप असेल त्या दिवशी धावू नये.