तर्काचा पट (७) : पांढऱ्या फौजेतला फितूर

गेल्या हप्त्यातला पट पुन्हा मांडून घ्या, तोंडी सोडवायला जाऊ नका. पांढऱ्याची सोळाच्या सोळा मोहरी पटावर आहेत. एक प्यादं डी-४ वर, बाकीची सात आपापल्या घरी. राजा आणि दोन्ही हत्ती जागच्या जागी, वजीर डी-३ वर. घोडे एफ-३ आणि सी-७ वर, उंट एफ-१ आणि एफ-५ वर. यातल्या एकाला गुपचूप बाजूला करून काळ्याचं तसंच एक मोहरं, फक्त अंगाला पांढरा रंग फासून, इथं येऊन उभं राहिलंय. कोण ते?

बोट आधी सी-७ वरच्या घोड्याकडे जातं. शत्रूच्या गोटात एवढा आत, एकटा, म्हणजे नक्की तिकडचाच! पण त्याला तिथं पोचायला काय लागतं? बी-१ वरून सी-३, मग बी-५, मग सी-७. तीन उड्या. दुसरा घोडा जी-१ वरून एका उडीत एफ-३ वर. दोघांचाही प्रवास सरळ आहे. कोण संशयास्पद दिसतो याला या खेळात काडीची किंमत नाही. तो तिथं कसा आला, एवढंच विचारायचं.

हाच प्रश्न उंटांना विचारा. एफ-१ पांढरं घर, एफ-५ही पांढरंच. उंट तिरका चालतो, त्यामुळे जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर राहतो. परळ आणि प्रभादेवी ही स्टेशनं अगदी शेजारी, पण चर्चगेटहून सुटलेली लोकल परळच्या फलाटाला लागत नाही, तसंच हे. पांढऱ्याच्या उंटांपैकी एक एफ-१ या पांढऱ्या घरातला, दुसरा सी-१ या काळ्या घरातला. मग दोघंही पांढऱ्या घरांत कसे?

एक तोतया आहे, हे ठरलं. कोणता, हे अजून नाही. एफ-१ वरचाच खोटा आणि खरा बाहेर फिरतोय, असं का नसेल? दाराकडे बघा. ई-२ आणि जी-२ वरची प्यादी हललेली नाहीत, आणि प्यादं एकदा पुढं गेलं की मागं येत नाही. म्हणजे ते दार डाव सुरू झाल्यापासून बंद आहे. त्यातून खरा उंट बाहेर पडू शकला नाही, की परका आत शिरू शकला नाही. दोषी एफ-५ वरचा. काळ्याचा सी-८ वरचा उंट पांढऱ्या घरातलाच. डी-७ वरचं प्यादं सरकलं की एका चालीत एफ-५!

वकिली बाण्याचा वाचक इथं हरकत घेईल : प्यादं शेवटच्या पट्टीला पोचून उंट झालं असेल तर? हरकत रास्त आहे. देशी डावात प्यादं ज्या घराला पोचेल त्या घराच्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळतो, आंतरराष्ट्रीय नियमांत मोहरं आपण निवडायचं. पण इथं आठही प्यादी हजर आहेत. एक जरी कमी असतं, तरी एफ-५ वरच्याला संशयाचा फायदा देऊन सोडावं लागलं असतं.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याला ओळखणारेही निघाले आणि नाकारणारेही. १७७६ साली त्याला देहदंड झाला, पण सगळा खल माणसांच्या ओळखीवर चालला होता. पटावर साक्षीदार लागत नाही.

बुद्धिबळाच्या पेचांचं वेड मुंबईला जुनंच. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं अशा पेचांचं इंग्रजी पुस्तक इथं १८१४ साली छापलं गेलं. पुढे 'नवाकाळ'च्या खाडिलकर घरातल्या वासंतींनी १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. ती सगळी विद्या पुढची चाल शोधण्याची. आपली उलटी, मागची चाल शोधण्याची. रेमंड स्मलियन या तर्कशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये शेरलॉक होम्सला नेमकं हेच काम लावून एक अख्खं पुस्तक लिहिलं.

आता पुढल्या हप्त्यासाठी. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत दोन भाऊ खेळतायत. एकही प्यादं हललेलं नाही, काहीच मेलेलं नाही. पांढरे घोडे सी-३ आणि एफ-३ वर, काळे सी-६ आणि जी-८ वर, बाकी सगळं जागच्या जागी. चहा पिऊन परत बसल्यावर दोघंही म्हणतायत, "चाल तुझी!" खोटं कोण बोलतंय? एकच सूचना : घोडा दर उडीला घराचा रंग बदलतो. आणि हो, हत्ती कोपऱ्यातून शेजारच्या घरात जाऊन परत आला असेल, तेही धरा.