एव्हरेस्टच्या उंचीतला बिदरचा वाटा

निर्णा, बिदर, हुमनाबादकडच्या मंडळींनो, हिमालयाच्या मोजणीत आपल्या माळरानाचाही हात आहे!

विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी 1815 मध्ये बिदरपर्यंत पोहोचली. पद्धत अशी: सपाट जमिनीवर एक रेषा, म्हणजे पायारेषा, प्रत्यक्ष मोजायची. मग अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटने टेकड्या, बुरुजांवरून कोन घेत त्रिकोणांची साखळी पुढे न्यायची. लॅम्ब्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. बिदर परिसरातलं दामरगिड्डा हे त्याच्या मोजणीचं दक्षिण टोक, अक्षांश 18 अंश 3 मिनिटे.

मला सगळ्यात भारी वाटते ती 1841 ची गोष्ट. एव्हरेस्टचा सहाय्यक अँड्र्यू वॉ याने बिदरची जवळपास 8 मैलांची पायारेषा पुन्हा मोजली. उन्हाने धातू वाढतो, म्हणून या वेळी मोजणीच्या धातूच्या साखळीऐवजी लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्या वापरल्या. उत्तरेतल्या सिरोंजच्या पायारेषेवरून त्रिकोणांच्या गणिताने काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली, यात फरक निघाला फक्त काही इंचांचा! कॅल्क्युलेटर नव्हता, हे लक्षात घ्या.

त्रिकोणांच्या याच साखळीच्या आधाराने पुढे तराईतून हिमशिखरांचे कोन घेतले गेले. नेपाळमध्ये पाऊल ठेवायला परवानगीच नव्हती. गणितज्ञ राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीतून पंधरा क्रमांकाने नोंदलेलं शिखर सर्वांत उंच ठरलं. 1856 मध्ये 29,002 फूट ही उंची जाहीर करून त्याला एव्हरेस्टचं नाव सुचवणारा सर्व्हेयर जनरल कोण? बिदरला पट्ट्या मांडणारा तोच वॉ.